दुकान कुठे टाकलंय?

टेक्सासमधल्या आमच्या चर्चनं मलावीतल्या एका खेड्यात जाऊन शाळेची भिंत बांधायचं ठरवलं, तेव्हा जाणाऱ्यांपैकी एकालाही भिंत बांधता येत नव्हती. दोन-तीन संगणकवाले, एक दंतवैद्य, एक निवृत्त विमा एजंट आणि मी. टी-शर्ट मात्र सगळ्यांना एकाच रंगाचे मिळाले होते. एका रंगाचे टी-शर्ट अंगात चढले की आपल्याला काहीही जमेल असं माणसाला वाटायला लागतं. (निवडणुकीत आपल्याकडेही हे दिसतं.)

मी मूळचा नाशिकचा, शरणपूरचा. आत्याला फोनवर बेत सांगितला. ती म्हणाली, "एवढं तिकीट काढतोच आहेस, तर वाटेत नाशिकला उतर. आपली मागची भिंत पावसाळ्यात पडलीय." मी तिला सेवाकार्याचं महत्त्व पटवून दिलं. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "विटा आणून ठेवते."

मलावीतल्या ब्लांटायर शहरात आम्हाला सेंट मायकल अँड ऑल एंजल्स हे चर्च दाखवलं. विटांचं, कमानींचं, घुमटाचं. डेव्हिड क्लेमंट स्कॉट या स्कॉटिश पाळकानं ते १८८८ ते १८९१ मध्ये, स्थापत्याचं शिक्षण नसताना, स्थानिक कामगारांच्या हातून उभं केलं. आमचा म्होरक्या हुरळून गेला. "पाहिलंत? शिक्षण लागतच नाही!" कामगार लागतात, हे त्या क्षणी कुणी बोललं नाही.

गावात स्वतःची वीटभट्टी होती, गवंडी होते. ते दिवसभर सावलीत बसून आमचं काम अतिशय आदरानं बघत. आम्ही रचलेली भिंत संध्याकाळपर्यंत शाळेकडे झुकलेली असे आणि सकाळी सरळ झालेली असे. दंतवैद्याचं मत पडलं की सिमेंट वाळताना तसं होतं. रात्री कंदील घेऊन कोण येतं, हे मला ठाऊक होतं. पण दात काढणाऱ्या माणसाचा आत्मविश्वास ढळू देऊ नये.

गावात बाकीचे सगळे पाहुणे होते, मी नव्हतो. मलावीत भारतीय, विशेषतः गुजराती, पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करताहेत. त्यामुळे एका आजीबाईंनी मला बाजूला घेऊन दुभाष्यामार्फत विचारलं, "दुकान कुठे टाकलंय?" मी म्हटलं, "मी सेवेला आलोय." त्यांनी मान डोलवली आणि चितेंजेचा, म्हणजे तिथल्या बायका कमरेला गुंडाळतात त्या छापील कापडाचा, भाव विचारला. पुढे पुढे बॅटऱ्यांची मागणीही यायला लागली. एकानं उधारीची चौकशी केली.

एकच कौशल्य माझ्या कामी आलं. न्सिमा म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा. हातानं तोडायचा, पाल्याच्या नाहीतर माशाच्या कालवणात बुडवायचा. आमची मंडळी बोटं पोळून घेत चमचा शोधत होती. मी पाची बोटं वापरून ताट साफ केलं. स्वयंपाक करणाऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. भिंतीबद्दल कुणी वाजवल्या नव्हत्या.

रविवारी उपासना सकाळी सुरू झाली आणि दुपारी संपण्याची लक्षणं दिसेनात. एक गायकवृंद बसला की दुसरा उठे. दान द्यायला लोक नाचत पुढे जात; आमचा विमा एजंट पाकीट हातात धरून ताठ चालत गेला, तर त्याला परत पाठवून नाचत आणलं.

मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी शरणपूरचं सांगितलं. गुलामीतून सुटलेल्या आफ्रिकन मुलांना चर्च मिशनरी सोसायटीनं तिथे शिकवलं होतं. त्यांतलाच जेकब वेनराइट. १८७३ मध्ये आफ्रिकेत फिरणारा मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन तिथेच वारल्यावर त्याचं शव समुद्रापर्यंत वाहून नेणाऱ्यांत तो होता, आणि याच मुलखातला, मुंबईत शिकलेला चुमाही. मी थांबल्यावर वडील मंडळींत कुजबुज झाली. एकजण उठले. आमचा माणूस तुमच्याकडे शिकला, तर तुम्ही घरचेच, असं म्हणून त्यांनी आपुलकीनं विचारलं, "तुमच्याकडे आता उपासना किती वेळ चालते?"

"एक तास," मी म्हटलं. "पार्किंग धरून सव्वा."

सगळ्या मंडळीच्या चेहऱ्यावर कणव दाटून आली. आमच्यासाठी खास प्रार्थना करायचं ठरलं. ती सव्वा तासाच्या पुढे गेली.