लिनक्सग्रस्तांना मदत करताना घ्यावयाची खबरदारी: सातारा-सांगली विभागासाठी

लिनक्स बिघडलंय म्हणून कुणी दारात आलं तर त्याला बसायला सांगावं, पाणी द्यावं, आत चहा टाकायला सांगावं. लॅपटॉप मात्र लगेच हातात घेऊ नये. एकदा हात लागला की तो लॅपटॉप जन्माचा गळ्यात पडला. पुढं बॅटरी फुगली, बिजागरी तुटली, कीबोर्डवर ताक सांडलं, तरी "तुम्ही त्या दिवशी कायतरी टाइप केलंवतं, तवापासनंच असं होतंय" हे ऐकावं लागतं. म्हणून बटणं त्याच्याच बोटांनी दाबून घ्यावीत. आपण फक्त मागं उभं राहून सांगावं.

विंडोजवाल्याची सोय असते. त्याचं बिघडलं की तो दुकानात जातो, दुकानदार फॉरमॅट मारतो, पैसे घेतो, विषय संपला. लिनक्सवाला पोवई नाक्यावर गेला काय किंवा मारुती चौकात गेला काय, दुकानदार स्क्रीनकडं एकदा, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं एकदा बघतो आणि विचारतो, "हे काढून विंडोज टाकून देऊ का?" त्यामुळं लिनक्सवाल्याला लिनक्सवालाच बघावा लागतो. सांगलीकर त्यातल्या त्यात नशिबाचे. विश्रामबागेत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा वालचंद लिनक्स यूजर्स ग्रुप आहे, 'लिनक्स डायरी' नावाचा कार्यक्रम घेऊन तो नव्या पोरांना हाताला धरून कमांड शिकवतो. पण दहिवडीच्या नाहीतर जतच्या माणसानं रात्री साडेअकराला काय करायचं? तो तुम्हाला फोन करतो. प्रस्तुत सूचना त्या फोनपासून सुरू होतात.

फोनवरचं संभाषण ठरलेलं असतं.

"दादा, लिनक्स चालंना."

"चालंना म्हणजे नेमकं काय होतंय?"

"काय नाय, चालंना."

"आधी काय केलंवतंस?"

"काय बी नाय केलं वो."

'काय बी नाय' ह्यात बरंच काही मावतं. यूट्यूबवरून उचललेली आणि सुडोनं सुरू होणारी कमांड, चुलतभावानं टाकलेला नवा कर्नल, "उगीच जागा खातंय" म्हणून उडवलेलं पार्टिशन, हे सगळं 'काय बी नाय'मध्येच धरायची रीत आहे. इथं उलटतपासणी करू नये, माणूस दुखावतो. टर्मिनल उघडून 'हिस्टरी' एवढंच टाइप करायला सांगावं. शेवटच्या वीस-पंचवीस ओळी वाचून दाखवताना त्याचा आवाज आपोआप बारीक होत जातो आणि बिघाड बहुतेक वेळा तिथंच सापडतो.

मशीन टर्मिनलपर्यंत पोचतच नसेल तर तो व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो. फोटो तिरका असतो, कोपऱ्यात अंगठा असतो आणि ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बरोबर एररच्या ओळीवर पडलेलं असतं. दुसरा मागवला तर तोही तसाच येतो, फक्त दुसऱ्या बाजूनं. फोटोत एसीपीआयच्या तक्रारी दिसल्या तर दचकू नये. कितीतरी धडधाकट लॅपटॉप रोज सकाळी त्या छापतात आणि संध्याकाळपर्यंत बिनतक्रार चालतात. मशीन लागलंच, तर 'जर्नलसीटीएल -बी -पी ईआरआर' चालवून फक्त ह्या खेपेच्या बूटच्या चुका मजकूर म्हणून मागवाव्यात. "डिस्कचा रंग कुठला?" असले प्रश्न विचारू नयेत. तो खरंच पेंचिस घेऊन उघडायला बसतो.

पुढचा प्रश्न डिस्ट्रोचा. तो विचारावा, आणि उत्तर काहीही आलं तरी एक सुस्कारा सोडावा. उबंटू म्हणाला तर "म्हणूनच." मिंट म्हणाला तर "घरातल्यांना ठीक आहे." आर्च म्हणाला तर "मग मला कशाला विचारतोस, भावा?" ह्यानं रोग बरा होत नाही, पण वैद्याची पत राहते. एरिक रेमंड आणि रिक मोएन ह्यांनी 2001 साली शहाण्यासारखे प्रश्न कसे विचारावेत ह्यावर एक लांबलचक मार्गदर्शिका लिहिली. ती नवख्यांच्या तोंडावर फेकून मारायची प्रथा जगभर आहे. तिच्या शेवटाकडं उत्तर देणाऱ्यानं सौजन्यानं कसं वागावं ह्यावरही एक प्रकरण आहे. तिथपर्यंत वाचलेला मदतनीस आमच्या पाहण्यात नाही.

आता मुख्य रोग: वाय-फाय.

'आरएफकिल लिस्ट' ही कमांड द्यायला सांगावी. 'सॉफ्ट ब्लॉक्ड'पुढं 'येस' आलं तर 'आरएफकिल अनब्लॉक ऑल' म्हणावं, काम झालं. 'हार्ड ब्लॉक्ड'पुढं 'येस' आलं तर जगातली कुठलीही कमांड उपयोगाची नाही. लॅपटॉपच्या कडेला एक बारीकसं सरकवायचं बटण असतं नाहीतर विमानाचं चित्र असलेली की असते, ती दाबली गेलेली असते. पण सरळ बटण सरकवून मोकळं होऊ नये. माणूस कऱ्हाडहून एसटीनं आलेला असतो, त्याला आल्यासारखं वाटलं पाहिजे. आधी 'एलएसपीसीआय' टाइप करून घ्यावं, येणाऱ्या यादीकडं चष्मा वर करून दोन मिनिटं गंभीरपणे पाहावं, "हं" म्हणावं, आणि मग त्याच्याच करंगळीनं बटण सरकवून घ्यावं.

यादीत ब्रॉडकॉम दिसलं तर मात्र चहा आणखी एक सांगावा. ह्या कंपनीच्या बऱ्याच जुन्या चिपांना वेगळा ड्रायव्हर लागतो, तो नेटवरून उतरवावा लागतो, आणि नेटसाठी तर आपण वाय-फाय दुरुस्त करतोय. इथं पुष्कळ लोक व्यवस्थेवर भाषण सुरू करतात. त्याऐवजी मोबाईल केबलनं लॅपटॉपला जोडावा आणि यूएसबी टेदरिंग चालू करावं; लिनक्स काही न विचारता ते नेट घेतं. केबल मात्र डेटाची हवी. एसटी स्टँडबाहेर मिळणारी स्वस्तातली केबल कित्येकदा नुसती चार्जिंगची निघते आणि मग दोष लिनक्सच्या माथी बसतो.

ड्रायव्हर बसला तरी संपलं असं समजू नये. सिक्युअर बूट चालू असेल तर बसवतानाच तो एक पासवर्ड ठरवायला लावतो, आणि रीस्टार्ट केल्यावर निळ्या पडद्यावर, कुठलंही बटण दाबा म्हणून मशीन दहा सेकंद थांबतं. ह्याच दहा सेकंदांत लिनक्सग्रस्त माणूस कपबशी आत नेऊन द्यायला उठतो. निळा पडदा जातो, चावीची नोंद होत नाही, कर्नल ड्रायव्हरला दारातच अडवतो, आणि माणूस परत येऊन म्हणतो, "तुमचा ड्रायव्हर बी चालंना." त्या दहा सेकंदांत त्याला खुर्चीवरून उठू देऊ नये. बटण दाबून 'एनरोल एमओके' निवडायचं आणि मघाचाच पासवर्ड द्यायचा. तो त्यानं कुठं लिहून ठेवलाय का, हे आधी विचारावं. ठेवलेला नसतो.

घड्याळाचा रोग सोपा आहे, आणि तो बरा करून दाखवला की गावात नाव होतं. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असली की सकाळी दहाला विंडोज उघडल्यावर घड्याळात साडेचार वाजलेले असतात. भुतांचा संबंध नाही. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं, विंडोज त्याच घड्याळाला स्थानिक वेळ समजतं, आणि आपण जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढं आहोत. इंग्लंडातल्या माणसाला हिवाळ्यात हा रोग दिसतसुद्धा नाही, त्याचा फरक शून्य. 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी 1' एवढं केलं की भांडण मिटतं. नंतर नुसतं 'टाइमडेटसीटीएल' चालवलं की ते कुरकुरत एक इशारा देतं, तो मोठ्यांदा वाचून दाखवू नये.

विंडोजच्या ड्राइव्हमधल्या फायली दिसतात पण बदलता येत नाहीत, ही तक्रार घेऊन येणाऱ्याला "विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद कर" एवढंच सांगून वाटेला लावावं. ते चालू असताना विंडोज शटडाऊन केलं तरी पुरतं मिटत नाही, अर्धवट डोळा लावून पडतं. एफएसटॅबच्या फाइलीत बाहेरची हार्ड डिस्क नोंदवून ती डिस्क मावशीकडं इचलकरंजीला पाठवणारा असेल, तर त्याचं मशीन बूट होताना दीड मिनिट तिची वाट बघत बसतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये शिरतं. ओळीत 'नोफेल' घालावं. वळवाच्या पावसात, ऐन अपडेटमध्ये लाइट गेली तर 'डीपीकेजी'ला कॉन्फिगरचा हुकूम सुडोनं द्यावा, अर्धी राहिलेली पॅकेजं ते स्वतःच पुरी करतं. जमल्यास यूपीएसची शिफारस करावी. कुणी घेत नाही.

मोबदल्याबद्दल संकोच नको, पण पैसे मागू नयेत. साताऱ्याकडचा असेल तर कंदी पेढे, सांगलीकडचा असेल तर भडंग. सांगलीकर हळद आणतो म्हणाला तर नको म्हणू नये.

शेवटी प्रिंटर. ह्या विषयात आपली परंपरा मोठी आहे. रिचर्ड स्टॉलमन ह्यांना एमआयटीच्या प्रयोगशाळेत 1980च्या सुमारास झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर मिळाला. कागद अडकला की सगळ्यांना निरोप जावा म्हणून त्याचा सोर्स कोड त्यांनी मागितला, तो मिळाला नाही. ती सल राहिली आणि 1983 साली त्यांनी जीएनयूची घोषणा केली. 1991 साली लिनस टोरवाल्ड्सनं कर्नल दिला. थोडक्यात, आजचा हा सगळा पसारा एका न ऐकणाऱ्या प्रिंटरपासून सुरू झाला, आणि प्रिंटर अजून ऐकत नाही.

नव्या नेटवर्क प्रिंटरचं सहसा अडत नाही. कप्स त्यांना ड्रायव्हरशिवाय ओळखतं. एचपी असेल तर एचपीलिप टाकावं. पण समोर कॅनॉनचा एलबीपी 2900 आला, आणि आपल्याकडं वकिलापासून सोसायटीच्या सचिवापर्यंत सगळ्यांकडं तोच असतो, तर मन घट्ट करावं. त्याला फक्त कॅप्ट नावाची कंपनीची स्वतःची भाषा कळते, आणि त्या भाषेत बोलणारा लिनक्सचा ड्रायव्हर कधी गप्प बसेल ह्याचा नेम नाही. अर्धा तास द्यावा. तेवढ्यात पान आलं नाही तर फाइल पीडीएफ करून पेनड्राइव्हवर घ्यावी आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन छापून आणावी. त्या दुकानातल्या मशीनवर विंडोज असेल. त्याविषयी तिथं काही बोलू नये.