बिनरुळाचे मामा

वांकिडीत रेल्वे नाही. आसिफाबादहून राजुऱ्याकडे जाणारा रस्ता आहे, ट्रकांची धूळ आहे. रूळ बघायचा तर कागजनगर किंवा आसिफाबाद रोड स्टेशन गाठावं लागतं. नेमके इथेच आमचे इंजिनमामा जन्मले. किराण्याचा माल आणायला ते कागजनगरला जातात आणि निम्मा माल विसरून येतात. इंजिनांचे नंबर मात्र वहीत चोख. इंजिनाच्या अंगावर त्याच्या शेडचं नाव लिहिलेलं असतं. काजीपेठ, अजनी, लालागुडा ही मामांच्या लेखी गोत्रं.

गिऱ्हाईक तूरडाळ मागतं. मामा तराजू अधांतरी धरून सांगतात, "डब्ल्यू म्हणजे रुंद रूळ, ५ फूट ६ इंच. ए म्हणजे वरच्या तारेतली एसी वीज, डी असलं तर डिझेल. मंग पी म्हणजे प्रवासी, जी म्हणजे मालगाडी, एस म्हणजे शंटिंग. एवढं समजलं का माणूस कुठंच अडत नाही." गिऱ्हाईक डाळीवाचून अडलेलं असतं.

माणसंही त्यांनी याच हिशेबात बसवली आहेत. थोरला जावई वॅग-९, धाकटा वॅप-७. "ताकद एकच रे, दोघंही ६,००० हॉर्सपॉवरच्या वरचे. फक्त गियर वेगळे. एक कोळसा ओढते, दुसरं पाशिंजर घेऊन १४०नं पळते." शेती ओढणाऱ्या थोरल्याला हे ऐकून नेमकं काय वाटतं, कुणी विचारलेलं नाही. लाल एलएचबी डबे अपघातात सहसा एकमेकांवर चढत नाहीत, त्यांची जोडणीच तशी असते, हे मामी आणि सुनबाई एकाच वेळी स्वयंपाकघरात असल्या की मामा मुद्दाम मोठ्यानं सांगतात.

उधारीचं खातंही वॅगनींवर. बॉबरन वॅगनची खालची दारं हवेच्या दाबानं उघडली की कोळसा आपोआप खाली. वीजकेंद्राला तीच बरी. "पण आपलं अर्धं गाव बॉक्सएन! वरून उघडं, बुडाला बंद. टिपलरवर अख्खी वॅगन पालथी केल्याबिगर झटक्यात रिकामी होत नाही." पालथं कुणाला करावं, या विचारात मामांची तीन वर्षांची उधारी थकली आहे.

मामांच्या हिशेबात मी शंटर. दुसऱ्यांचे डबे जागी लावून स्वतः यार्डातच राहणारा. मी तिशी ओलांडेपर्यंत गावातल्या प्रत्येक लग्नात पंगती वाढल्या, त्यामुळे वाद घालता आला नाही.

नागपूरला माझी मुलाखत होती तेव्हा मामा सोडायला कागजनगरला आले. सर्टिफिकेटांची पिशवी त्यांनी हौसेनं स्वतःकडे घेतली. गाडी आली. मी मागच्या जनरल डब्याकडे पळालो, मामा पुढं इंजिनाकडे. गाडी हलली, माझा डबा प्लॅटफॉर्मच्या टोकाशी आला, तर मामा वहीत काहीतरी उतरवत उभे, पिशवी काखेत.

"मामा, पिशवी! पिशवी!"

त्यांनी मान वर केली. चेहरा नुसता उजळलेला.

"लालागुड्याचं आहे बाबू," ते डब्याबरोबर चार पावलं धावत ओरडले, "लालागुड्याचं!"