बटण हरवले आहे

मार्क वायझर हा कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क प्रयोगशाळेतला संशोधक. संगणक पुढे रोजच्या वस्तूंमध्ये इतका मुरेल की तो आहे हे कुणाला जाणवणारही नाही, असं त्याने १९९१ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिलं. नंतर ‘शांत तंत्रज्ञान’ अशी कल्पनाही मांडली. १९९९ मध्ये बिचारा गेला. आमच्या इंडक्शन शेगडीशी त्याची गाठ पडायची राहिली.

संगणक मुरला, त्यात वाद नाही. दिसेनासं झालं ते बटण.

दूध तापत असतं. साय कडेने फुगते आणि पातेलं उचलेपर्यंत दूध उतू जातं, ते थेट काचेवर ‘बंद’ लिहिलेल्या पट्टीवर. बोट टेकलं की विद्युतभार बदलतो, तेवढंच त्या पट्टीला कळतं. दूध सांडलं की तिला जिकडेतिकडे बोटंच बोटं भासतात. मग ती टुंई टुंई कोकलते आणि ओल्या हाताला ओळख देत नाही. स्वयंपाकघरात हात कोरडे असतात ते फक्त जेवणाची वाट बघणाऱ्याचे. पट्टीचा आराखडा त्यांच्यापैकीच कुणीतरी केला असावा. गॅसच्या बटणाचा कान पिळला की काम व्हायचं. अंधारात, पिठाच्या हातांनी, नणंदेशी फोनवर बोलता बोलतासुद्धा.

पंख्याची तीच गत. रेग्युलेटर जाऊन रिमोट आला, रिमोट हरवतो म्हणून ॲप आलं. ॲपला वायफाय लागतं, वायफायला पासवर्ड आणि पासवर्ड नातवाकडे. पहाटे गारठलं की आजोबा बंगळुरूला फोन लावतात.

जपान्यांचं मात्र कौतुक वाटतं. त्यांच्या कमोडवर बटणांची एवढी गर्दी, की पाहुणा फ्लश शोधता शोधता स्वतःच धुतला जायचा. शेवटी २०१७ मध्ये तिथल्या उत्पादकांनी एकत्र बसून आठ खुणा ठरवल्या. त्यातली एक ‘थांबवा’ची.

आमच्या शेगडीला थांबवायची सोय आहे, पण सध्या तिला ‘चाइल्ड लॉक’ लागलंय. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, “काकू, दोन खुणा एकदम दाबून धरा.”

“कुठल्या दोन?”

“पुस्तिकेत आहे.”

“पुस्तिका कुठाय?”

“क्यूआर कोड स्कॅन करा ना. शेगडीच्या खालच्या बाजूला चिकटवलाय.”

वर आमटी उकळते आहे.