झोपेला मुदतवाढ

वैमानिकाला आठवड्याला सलग 36 ऐवजी 48 तास विश्रांती, रात्रपाळीत सहाऐवजी दोनच लँडिंग. विमान वाहतूक नियामक डीजीसीएचा हा नियम जानेवारी 2024चा, पूर्ण अंमल 1 नोव्हेंबर 2025पासून. एवढ्या अवधीत भरती करता आली असती. पण डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा कुठे कळलं की वैमानिक कमी पडतात! लगेच मिळाली ती माणसं नव्हे, रात्रपाळीच्या नियमातून सवलत. 10 फेब्रुवारी 2026पर्यंत. झोपेलाही मुदतवाढ मिळते, हे नवीनच.

चंद्रपूरकरांना या रद्द उड्डाणांची झळ नागपूर विमानतळावर पोचल्यावरच. आमच्या मोरव्याच्या धावपट्टीवरून रद्द व्हायला प्रवासी विमान आहे कुठे?

इकडे रात्री धावतात ते ट्रक. घुग्गुसचा कोळसा, सुरजागडचं लोहखनिज. पहाटे आष्टीच्या रस्त्याला टपरीवर चालक तोंडावर पाणी मारतो, तंबाखूचा बार भरतो, की पुन्हा स्टिअरिंगवर. मोटार वाहतूक कामगार कायद्याने 1961 सालीच त्याचं काम दिवसाला आठ, आठवड्याला 48 तासांवर बांधलं होतं. पण चालकाची झोप झाली नाही म्हणून खनिजाची फेरी रद्द झाल्याचं अजून ऐकिवात नाही.