व्हेनपुढं विल नको

एमपीएससीच्या संयुक्त मुख्य परीक्षेत मराठीच्या जोडीला इंग्रजीही असतं, आणि इंग्रजीत ‘चूक ओळखा’ असतं. बीडच्या अभ्यासिकांमध्ये रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्या पोरांना त्यातला एक नियम काही केल्या पचत नाही. भविष्याबद्दल बोलताना व्हेन, आफ्टर, बिफोर, अनटिल, अ‍ॅज सून अ‍ॅज यांच्या पुढच्या तुकड्यात ‘विल’ लावायचं नाही. तिथं साधा वर्तमानकाळ चालतो. विल फक्त मुख्य वाक्यात. ‘आय विल कॉल यू व्हेन आय विल रीच’ चूक, ‘आय विल कॉल यू व्हेन आय रीच’ बरोबर.

गाइड चार वेळा वाचूनही हा नियम डोक्यात शिरत नाही. तो शिकण्याची खरी जागा पुस्तकाखाली लपवलेल्या फोनमध्ये आहे. प्रेमात पडलेला माणूस भूतकाळात रमतो, असं कवी सांगतात. व्हॉट्सअ‍ॅप बघितलं तर तो चोवीस तास भविष्यकाळातच असतो.

धडा पहिला, ‘व्हेन’चा. ती लालपरीत बसून पुण्याला निघते आणि हा लिहितो, ‘पोहोचलीस की मेसेज टाक.’ गाडी अजून बीडच्या स्टँडातून हललेली नाही, पण मराठीनं तिला भूतकाळात पोहोचवलंसुद्धा. आपल्याकडं हे चालतं. अंथरुणात लोळत ‘आलोच’ म्हणणारा माणूस खोटं बोलतोय, असं कुणाला वाटत नाही. इंग्रजीला एवढी घाई नसते. ती वर्तमानावर थांबते आणि वचनाचं ओझं तेवढं विलवर टाकते.

धडा दुसरा, ‘अनटिल’चा. ‘जोपर्यंत तू रिप्लाय देत नाहीस, तोपर्यंत मी जेवणार नाही’ हे मराठीत उत्तम प्रेम आहे. तेच इंग्रजीत ‘आय विल नॉट ईट अनटिल यू डोन्ट रिप्लाय’ असं उतरतं आणि घात होतो. अनटिलच्या पोटात नकार आधीच असतो. वर आणखी एक घातला की अर्थ निघतो, तू रिप्लाय देणं थांबवलंस की मी जेवायला बसेन. ती थांबवते. नोव्हेंबर 2014 पासून व्हॉट्सअ‍ॅपवर दोन निळ्या खुणा उमटतात, त्यामुळं वाचलं नसेल ही आशाही उरत नाही. पुण्यामुंबईकडं याला घोस्टिंग म्हणतात. बीडमध्ये नेटवर्क नव्हतं म्हणतात.

धडा तिसरा जरा अवघड आहे. घडणारच त्याला व्हेन, घडेल न घडेल त्याला इफ. पोरगा लिहितो, ‘व्हेन भरती निघेल, आय विल टॉक टू युवर पप्पा.’ व्याकरणानं ‘निघेल’ चालत नाही, ‘निघते’ हवं. भरतीच्या बाबतीत ‘निघते’ म्हणायला मात्र त्याची जीभ रेटत नाही. इंग्रजीचा आग्रह असा, की अटीचा तुकडा पक्का धरून चाला आणि शंका असेल तर मुख्य वाक्यावर घ्या. पोराचं उलटं आहे. पप्पांशी बोलायला तो आजही तयार आहे. अडलंय ते पहिल्या तुकड्यात, आणि तो तुकडा मंत्रालयात लिहिला जातो. शेवटी तो ‘भरती निघाली की…’ एवढंच टाइप करतो आणि तीन टिंबं देतो. मुख्य वाक्याशिवाय गौण वाक्य उभं राहत नाही, असं गाइडात छापलंय. बीडमध्ये अशा टिंबांवर चार-चार वर्षं नाती उभी आहेत.

जिल्ह्याला ही सवय जुनी आहे. अंबाजोगाईच्या योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं, अशी आख्यायिका आहे. दोन गावांत अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर. तरी मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले आणि देवी कुमारिका राहिली. ती वऱ्हाडी मंडळी म्हणून अंबाजोगाईतल्या हत्तीखान्याच्या लेण्यांतले दगडी हत्ती आजही दाखवले जातात.

देवांचा मुहूर्त टळतो, तिथं रेल्वेचं काय? अहिल्यानगर–बीड–परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1995-96 च्या अर्थसंकल्पात मंजूर झाला. ‘रेल्वे आली की’ या तुकड्यावर तेव्हापासून किती निवडणुका लढल्या गेल्या, किती प्लॉट विकले गेले आणि किती सोयरिकी जमल्या, त्याची मोजदाद नाही. 23 सप्टेंबर 2022 ला गाडी आष्टीपर्यंत आली. 17 सप्टेंबर 2025 ला, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, ती बीडला पोहोचली. मंजुरीच्या वर्षी ‘व्हेन द ट्रेन कम्स’ म्हणणारा मुलगा तोवर मुलीसाठी स्थळं बघायला लागला होता.

स्थळांचाही हिशेब आहे. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे 807 मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. तेव्हाच्या त्या मुलांना आता मिसरूड फुटलंय आणि हातात फोन आलाय. हजारातल्या 193 जणांनी आपल्या गणितात व्हेन खोडून इफ घालायला हरकत नाही. सोलापुरात डिसेंबर 2022 मध्ये बाशिंगं बांधून, घोड्यावर बसून नवरदेव जिल्हाधिकारी कचेरीवर गेलेच होते. बायको मिळावी म्हणून सरकारला निवेदन! विलसाठी थेट शासनाकडं अर्ज करण्याची कल्पना गाइडवाल्यांनाही सुचली नव्हती.

‘बिफोर’चा धडा मात्र जिल्ह्याला कुणी शिकवावा लागत नाही. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या आत, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, मुकादम ऊसतोड मजुरांना आगाऊ पैशांची उचल वाटतो. ऊसतोडीच्या हिशेबात नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा गडी अर्धा कोयता. अर्ध्याला उचलही अर्धी. त्यामुळं ‘बिफोर द सीझन स्टार्ट्स, वी विल मॅरी हर ऑफ’ हे वाक्य तांड्यावर आणि वस्तीवर दरवर्षी बिनचूक तयार होतं. बिफोरपुढं विल नाही, मुख्य वाक्यात आहे, पैकीच्या पैकी गुण. फक्त ‘हर’ला अठरा पूर्ण झालेली नसतात. त्यासाठी 2006 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आहे, आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीडच्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. ‘व्हेन शी टर्न्स एटीन’ हा तुकडा तेवढा कुणी पाठ केलेला दिसत नाही.

ज्या मुली यातून निसटून अभ्यासिकेपर्यंत पोहोचल्या, त्या व्याकरणात पक्क्या निघतात. तीन टिंबांवर टांगून ठेवणाऱ्या पोराला अशीच एक लिहिते, ‘आय विल नॉट मॅरी एनीवन अनटिल आय गेट माय पोस्टिंग.’ ना जादा नकार, ना चुकीच्या जागी विल. भरती तिचीही निघालेली नाही. पण अटीचा तुकडा तिनं स्वतःच्या नावावर करून घेतलाय आणि मुख्य वाक्याच्या शेवटी ‘बघू’ नाही. पोरगा ते तीनदा वाचतो, ‘विल वेट’ असं टाइप करतो, खोडतो आणि नुसता अंगठा पाठवतो.