घरचा रंगारी

नव्या फ्लॅटचा ताबा मिळून वर्ष उलटलं की सोसायटीत एक हौशी रंगारी उगवतो. एरवी तो बँकेत नाहीतर आयटीत असतो. शनिवारी सकाळी मात्र भोकं पडलेली बनियन चढवून, दातांत मास्किंग टेपचं टोक धरून तो हॉलमध्ये उभा राहतो आणि घरातली बाकीची माणसं बाहेर जायला कारणं शोधू लागतात. त्याचा ध्यास एकच: नवं कोरं कपाट जुनं दिसलं पाहिजे. लोक त्याला नकली म्हणून नावं ठेवतात, पण तो आरोप टिकत नाही. नक्कल हा या कलेचा खानदानी धंदा आहे. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात पाँपेईकर साध्या गिलाव्याला रंग चढवून संगमरवराच्या शिळा उभ्या करत होते. मग एमडीएफवर सागाच्या रेघा ओढणाऱ्यालाच फासावर का द्यायचं? फरक एवढाच की पाँपेईकर महागड्या दगडाची नक्कल करत होते, आमचा रंगारी काळाची करतो. दगड नीट न्याहाळला की जमतो. काळाची नक्कल करायची तर घर कसं वापरलं जातं हे ठाऊक हवं, आणि घोडं अडतं ते तिथेच.

पुरावा त्याच्या कपाटावरच आहे. तंत्र त्याला तोंडपाठ असतं. आधी तपकिरी रंगाचा हात, त्यावर पांढरट चॉक पेंट, वाळल्यावर कडांना घासकागद म्हणजे खालचा तपकिरी डोकावतो, शेवटी मेण. तडे हवे असतील तर दोन थरांमध्ये गोंद फासायचा. गोंद अर्धवट ओला असतानाच पाण्यातला रंग मारला की वरचा थर वाळताना आकसतो, खाली त्याला घट्ट धरणारं काही नसतं, आणि शंभर वर्षांच्या भेगा दुपारच्या जेवणाआधी पडतात. शास्त्र चोख आहे. चुकते ती घासायची जागा. खरं कपाट झिजतं ते मुठीभोवती, जिथे घाईतली बोटं पडतात, आणि तळाच्या कडेला, जिथे रोज लादी पुसताना ओलं फडकं आपटतं. हा घासतो वरचा डावा कोपरा, जिथे स्टुलाशिवाय कुणाचा हात पोचत नाही. कपाट पाहून वाटावं, या घरात शंभर वर्षं फक्त पालींचा वावर होता. उलट ओट्याखालच्या दारावर हळदीची चार बोटं उमटलेली असतात, कुकरच्या वाफेने कड फुगलेली असते. अस्सल, फुकटातलं काम! त्यावरून मात्र हा घर डोक्यावर घेतो.

कुणी म्हणेल, नवं कपाट घेण्यापेक्षा हे स्वस्त नाही का? डबा स्वस्त असतो, हे खरं. ब्रिटनच्या ॲनी स्लोन यांनी १९९० साली चॉक पेंट आणला, तो बहुतेक ठिकाणी प्रायमर आणि घासाघासीशिवाय बसतो, ही मोठीच सोय. पण डब्यामागून मेण येतं, स्टेन्सिल येतात, तीन जातींचे स्पंज येतात आणि सगळ्यात शेवटी खरा पेंटर येतो. तो कपाटावरून नख फिरवून शांतपणे म्हणतो, ‘‘साहेब, हे आधी सगळं खरवडावं लागेल.’’ राहता राहिली हौस. हौसेला मोल नसतं, तेव्हा तो मुद्दा सोडून दिलेला बरा.

छताला हात घातल्यावर तर युक्तिवादाची गरजच उरत नाही. इटलीतल्या मांतुआच्या राजवाड्यात मान्तेन्या या चित्रकाराने १४७४ पर्यंत एका दालनाच्या छतावर गोल झरोका आणि त्यातलं आकाश असं रंगवलं की छत फुटल्याचा भास व्हावा. त्याच्या आकाशात पंखा नव्हता. आमच्या रंगाऱ्याचे स्पंजाने टिपलेले ढग पंख्याभोवती दाटीवाटीने बसतात, आणि पाहुण्यांना ‘जरा वर बघा’ असं सांगावं लागतं. मग पावसाळ्यात वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून ओल उतरते आणि छतावर एक ढग उमटतो: कडा पिवळसर, पोटात करडा, कुठेही स्पंजाची खूण नाही. बाकीच्या ढगांत तेवढाच एक ढग वाटतो. रंगारी त्याचे मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढतो आणि तक्रारीला जोडून सोसायटीच्या सेक्रेटरींना पाठवतो.