हिरव्या कापडास जाहीर पत्र

रा. रा. हिरवे कापड,
मुक्काम समोरचा टॉवर, चेंबूर



काल आई रात्रभर खोकत होती, म्हणून सकाळी साइटवर जाऊन भांडलो. लादी कापायचा कटर कोरडाच चालला होता, सिमेंटची रिकामी पोती उघड्यावर झटकणं चालू होतं. सुपरवायझरने मान वर न करता नुसतं बोट वर केलं, ‘‘कापड लावलंय ना साहेब!’’ म्हणून तक्रार थेट आपल्याकडे.

आपला महिमा थोर. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने नियम काढले. बांधकाम चहूबाजूंनी झाका, उंच पत्रे ठोका, पाणी मारा. पाण्याच्या टँकरला पैसे पडतात, आपण स्वस्त. तेव्हा सगळा भार आपल्यावर. फुप्फुसात खोल उतरणारा कण अडीच मायक्रॉनचा, केसापेक्षा वीस-पंचवीस पट बारीक. आपल्या भोकांतून माझी करंगळी जाते. सातव्या मजल्यावर तर आपण नुसतेच फडफडता.

शहराच्या हवेपायी पाववाल्यांच्या भट्ट्यांना लाकूड सोडायला हायकोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये सहा महिन्यांची मुदत दिली. बरं केलं. पण शेजारच्या माहुलचं विचारूच नका. तिथल्या हवेने आरोग्याला धोका आहे, असं हरित लवादाने २०१५ मध्ये सांगितलं. त्यानंतरही तानसा पाइपलाइनलगतची घरं पाडून माणसं तिथेच, रिफायनऱ्यांच्या शेजारी, नेऊन टाकली.

पण सकाळी पत्र्याच्या आत पाहिलं ते डोक्यातून जात नाही. मजुरांच्या खोल्या आतच, कटरपासून दहा पावलांवर. चुलीत सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे. एक पोरगी नाकाला गमछा बांधून तान्ह्या भावाला जोजवत होती, तिच्या पापण्या सिमेंटने पांढऱ्या झालेल्या. म्हणजे आमच्यापासून अडवलेली धूळ यांच्या वाट्याला! आम्ही निदान खिडक्या लावून घेतो. यांनी काय लावायचं? आणि तिथेच सेल्स ऑफिसात, एसीच्या गारव्यात पाटी: प्रत्येक फ्लॅटमध्ये एअर प्युरिफायर मोफत. अरे, काही लाज?

कापडा, तुझी मात्र कीव येते रे. उन्हात विरलास, वाऱ्याने फाटलास, आणि एवढ्या मजल्यांची पापं तू एकट्याने झाकायची.

वॉर्ड ऑफिसातल्या साहेबांनो, पाहणीला याल तेव्हा कापडाचे फोटो काढून परत फिरू नका. कटरला पाण्याची नळी जोडायला लावा. आणि त्याच्या आधी त्या पोरांची राहायची सोय पत्र्याबाहेर करायला लावा, बिल्डरच्या खर्चाने.

आपला,
समोरच्या बिल्डिंगमधला